एका घरात एकच मूळ

नागवेल मेली त्याचं खापर हवेवर फोडायला मंगलाबाई मोकळ्या होत्या, आणि यंदाच्या हवेनं तशी सोयही करून ठेवली होती. एप्रिल-मे महिन्यांत कुंभकोणममध्ये असं ऊन पडलं की दुपारी परसातल्या नळाला हात लावायची सोय नव्हती. मंगलाबाईंनी वेलीवर नारळाच्या झापांचा मांडव घातला, जुन्या सुती साड्या भिजवून तीन बाजूंनी बांधल्या आणि दिवसातून चारदा त्या पुन्हा भिजवल्या. पानांच्या कडा करपल्या, पण वेल तगली. मग ऐप्पसी लागला. ऐप्पसी म्हणजे इकडचा खरा पावसाचा महिना. दिवाळीचे फटाके ओले होतात म्हणून रडायचा महिना. यंदा आभाळ रोज भरून यायचं आणि पाहुणा दारातूनच परत जावा तसं निघून जायचं. बोअरचं पाणी खारट लागू लागलं, तेव्हा बाईंनी पिण्याच्या पाण्यातलं पाणी वेलीला घातलं. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, आणि हातात बादली.

वेल विड्याच्या पानांची होती. परसात हदग्याची दोन झाडं होती, त्यांच्यावर ती चढवलेली. पान कोवळं, पातळ, जिभेवर ठेवलं की आधी गोड आणि मग हलकंसं तिखट. या घराण्याचा कोणी पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात कारकून होता. त्याला दरबारातून काय काय मिळालं याच्या कथा घरात पुष्कळ होत्या. मिळालेल्यातलं उरलं मात्र काहीच नव्हतं. उरली होती ती ही वेल. दर वर्षी तिला झाडावरून उतरवायचं, खालचं निबर खोड गुंडाळून नव्या मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा वर चढवायचा. अशी उतरण करत करत तीच वेल पिढ्यान् पिढ्या जगत आली, असं घरात मानत.

मंगलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी, गंगाबाईंनी, त्यांना स्वयंपाकघराआधी परस दाखवलं. गंगाबाईंचा नियम असा होता की पान मागेल त्याला द्यावं, पण लावायला कांडं कोणाला देऊ नये. कांडं उंबऱ्याबाहेर गेलं की त्याच्या पाठोपाठ लक्ष्मी जाते. आणि घरातल्या घरातही दुसरीकडे लावू नये, कारण एका घरात दोन मुळं धरली की घर फुटतं. एका घरात एकच मूळ. मंगलाबाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होत्या. सिद्धता मांडल्याशिवाय पोरींना अर्धा गुणसुद्धा द्यायच्या नाहीत. पण या नियमाची सिद्धता त्यांनी सासूबाईंना एकदाही विचारली नाही. नियम पाळण्यात मान होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पान हातात घेऊन म्हणायच्या, असं पान गावात कुठं मिळायचं नाही. ते ऐकलं की बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

कांडं मागणाऱ्या बायका पुष्कळ आल्या आणि हात हलवत परत गेल्या. पोटची पोरगी शरण्या कोइंबतूरला बिऱ्हाड थाटायला निघाली, तिनं मागितलं, तिलाही नाही. आणि सुब्बीला नाही.

सुब्बी म्हणजे सुब्बलक्ष्मी, बाईंची धाकटी नणंद. ती दारासुरमला राहते, टाऊन बसनं वीस मिनिटांवर. तिचा नवरा तिथल्या रेशीम विणकरांच्या सोसायटीत हिशेबनीस होता, तो लवकर गेला. सुब्बी माहेरी यायची ती आधी परसात जाऊन वेलीला हात लावायची आणि मग घरात यायची. लहानपणी तिनंच त्या वेलीला पाणी घातलेलं. "मजला एक कांडं होणा, वैनी," असं म्हणून ती दर खेपेला कांडं मागायची, आणि वैनी दर खेपेला गंगाबाईंचं नाव पुढं करून हसायच्या. गंगाबाई सुब्बीची आई होती, याचा बाईंना त्या वेळी विसर पडत असावा.

अकरा वर्षांपूर्वी सुब्बी नवरात्राला चार दिवस राहून गेली. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना वेल कापलेली दिसली. तीन पेरांचं कांडं, तिरकं, धारदार सुरीनं घेतलेलं. बाईंनी तिथल्या तिथं फोन लावला. सुब्बीनं एकदाच सांगितलं, "मी घेतलं नाही, वैनी." त्यावर बाई जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर त्यांनी ते दहा नातेवाइकांनाही ऐकवलं, आणि सुब्बी कोणाकडे काही खुलासा करत नाही हे पाहून त्यांची खात्री पटली. मनात चोर असल्याशिवाय माणूस इतकं गप्प कसं बसेल, असं त्या म्हणायच्या. त्या दिवसापासून दारासुरमचं नाव या घरात निघेनासं झालं.

बाईंचे यजमान सुंदरेश राव, सुब्बीचे अण्णा, वीज मंडळात होते. भांडणाचा वास आला की वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड घालणारा माणूस. बायको बहिणीला चोर म्हणत होती तेव्हाही त्यांनी वर्तमानपत्र उघडलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची किडनी बिघडली आणि ते दवाखान्यात पडले. तिथं त्यांनी विचारलं, "सुब्बीस कळवलंस काय?" बाई म्हणाल्या, "कळवतें." कळवलं ते शेवटच्या दिवशी दुपारी. सुब्बी पोचली तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. ती तेराव्यापर्यंत राहिली, पडेल ते काम केलं, जेवणावळीची भांडीसुद्धा घासली, आणि वैनीशी एक शब्द न बोलता परत गेली. बाईंना वाटलं, चोरी अंगाशी आली म्हणून तोंड वर होत नाही.

यजमान गेल्यावर बाईंना वेल हेच माणूस उरलं. सकाळी आंघोळ करून आधी परसात जायच्या, पानं मोजायच्या, वेलीशी बोलायच्या. शरण्या म्हणायची, "आई, तूं येथें ये, मजकडे राहा." बाई म्हणायच्या, वेलीला कोण बघणार? पोरीला ते बरं वाटत नसणार, पण ती आईसारखी तोंडाची फटकळ नव्हती.

तर यंदा ऐप्पसी कोरडा गेला, कार्तिकातही पाऊस नाही. पंचांगाप्रमाणे मार्गळी, म्हणजे पोंगलच्या आधीचा महिना, संपता संपता पावसाचा काळ संपतो. आता पाऊस येत नाही असं ठरवून बाईंनी मार्गळीच्या शेवटी उतरण करायचं काढलं. त्यासाठी दर वर्षीप्रमाणे चोळपुरमहून बाला आला. पन्नाशीचा माणूस, बापजाद्यांपासून पानमळा करणारा. त्यानं हदग्यावरून वेल सोडवली, चर खणला, आणि मग उकिडवा बसून आभाळाकडे बघत राहिला.

"अम्मा, सगळी वेल एकदम मातीत घालू नका," तो तमिळमध्ये म्हणाला. "हवेचा यंदा भरवसा नाही. चार कांडी कापून द्या, माझ्या मळ्यात उंचावर लावतो. पुढचा तै महिना गेला की आणून देतो."

"कांडं उंबऱ्याबाहेर जात नाही. तुला ठाऊक आहे."

"मग कुंडीत लावा. ओसरीवर ठेवा. पाऊस लागणार नाही."

"एका घरात एकच मूळ, बाला."

बालानं मान हलवली आणि वेल गुंडाळून चरात ठेवली. त्याच्या आजोबांनीही गंगाबाईंचं ऐकलं होतं. सगळं खोड मातीखाली गेलं, वर फक्त पाच शेंडे राहिले.

पोंगलच्या आदल्या दिवशी पाऊस आला. सूर्यासाठी दूध उतू घालवायचा सण, आणि सूर्याचा पत्ता नाही. बाजारात उभ्या केलेल्या उसाच्या मोळ्या भिजल्या, लोकांनी पोंगलचा गोड भात घरातल्या गॅसवर शिजवला आणि हसून सण साजरा केला. दुसऱ्या दिवशी कोणी हसत नव्हतं. समुद्रात कुठंतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला म्हणे, जानेवारीत, जेव्हा कधी होत नाही तेव्हा. पाऊस चार दिवस पडला. गल्लीतला रस्ता नगरपालिकेनं डांबरावर डांबर घालत हातभर उंच केलेला, शेजाऱ्यानं नवी भिंत घातलेली. परसातलं पाणी जायला वाटच नव्हती. ते चरात साचलं आणि चर शोधून सुद्धा सापडेना.

बाई पाण्यात उतरल्या. बादलीनं पाणी काढायचं, न्हाणीघरात नेऊन ओतायचं, परत यायचं. पहिल्या दिवशी दीडशे बादल्या मोजल्या, मग मोजणं सोडलं. काढलं की तेवढंच पुन्हा भरायचं. शेजारची कविता दारातून ओरडली की अम्मा पडाल, आत या. बाई आत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या खरंच पडल्या, चिखलात बसल्या, आणि बसल्या बसल्या मगानं पाणी उपसू लागल्या. असं वेडं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि वेडं आहे हे त्यांना कळत होतं.

पाऊस थांबला आणि कडक ऊन पडलं. तीन दिवसांत पाचही शेंडे पिवळे झाले. बाला आला, त्यानं चरात हात घालून खोड ओढलं, तर वरची साल त्याच्या बोटांत मोज्यासारखी निघून आली. आत काळं, आणि घाण वास. त्यानं चर या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरला. एक हिरवं पेर मिळालं नाही.

"मूळकूज," तो म्हणाला. "या मातीत आता तीन वर्षं वेल लावू नका." हात धुऊन तो निघाला, दारात थांबला, काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं असणार. पण बाईंचा चेहरा बघून तसाच गेला.

संध्याकाळी शरण्याचा फोन आला. "आई, रडूं नको. येथें नर्सरीत वेल मिळते, बेस वेल आहे. घेऊन येतें." बाईंनी फोन ठेवून दिला. सासूबाईंनी सोपवलेली एकच गोष्ट, ती आपल्या हातून गेली. शंभर वर्षं, दोनशे वर्षं, कोण जाणे किती, कोणाच्या हातून गेली नाही ती आपल्या हातून गेली. एक कांडं कुठं असतं तर. त्यांनी आयुष्यभरात ज्यांना नाही म्हटलं त्या सगळ्या बायका त्यांना आठवू लागल्या, आणि प्रत्येकीचं परस मनात रिकामं दिसू लागलं. प्रत्येकीला आपणच रिकाम्या हातानं पाठवलं होतं.

मग त्यांना सुब्बी आठवली.

तीन पेरांचं कांडं. तिरकं कापलेलं. मंगलाबाई उठून बसल्या. चोरलं असेल तर लावलंच असेल ना. सुब्बीच्या हाताला गुण होता, तिनं काठी पुरली तरी फुटायची. अकरा वर्षांत तर ती वेल छपरापर्यंत गेली असेल. जिवात जीव येणं म्हणजे काय ते बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी देवापुढं दिवा लावला आणि हात जोडले. अकरा वर्षं जिला चोर म्हटलं ती खरोखरच चोर असू दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं. असलं मागणं त्या देवापुढं कोणी मागितलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गर्दीच्या बसनं त्या दारासुरमला उतरल्या. गल्लीत मागांची खटखट चालली होती, ओल्या दोऱ्यांच्या लड्या दारांत वाळत घातलेल्या. वाटेत त्यांनी मनाशी सगळं जुळवलं. चोरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. माफ केलं म्हणायचं. नको, माफीसुद्धा नको, उलट आपणच मागायची. पायावर डोकं ठेवायला लागलं तरी ठेवायचं, पण एक कांडं घेऊन यायचं. सुब्बीच्या घराच्या कौलांमागं त्यांना हदग्याचा शेंडा दिसला आणि त्यांनी भराभर पावलं उचलली. हदगा लावला होता. हदगा कोणी उगाच परसात लावत नाही.

सुब्बीनं दार उघडलं. साठी उलटली होती, केस सगळे पांढरे. तिनं वैनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चिखलानं काळवंडलेली नखंसुद्धा पाहिली, आणि बाजूला झाली.

"या, वैनी. बसा. कापी घेतां?"

"परस दाखव," मंगलाबाई म्हणाल्या. "आधी परस दाखव, सुब्बी. वेल गेली. सगळी कुजली. तुजकडलं एक कांडं दे. मी काही म्हणत नाही. घेतलंस तें बरं केलंस. दे."

सुब्बी पुढं झाली. परस लहान होतं. कढीलिंब होता, चार भेंडीची रोपं पावसानं आडवी झालेली होती, आणि मधोमध हदगा उभा होता, बुंध्याभोवती मातीचं गोल आळं केलेलं, आळ्याला विटांची कड लावलेली. बुंधा खालपासून वरपर्यंत मोकळा होता. बाईंनी झाडाला एक फेरी घातली. मग दुसरी घातली. वाकून आळ्यातली माती हातानं चाचपली.

"नाही, वैनी," सुब्बी म्हणाली. "तेव्हाच सांगितलं होतं, घेतलं नाही म्हणून."

"मग हा हदगा कशाला?"

"वेल येईल म्हणून लावला. तुम्ही कधी तरी द्याल म्हणून. आतां द्वादशीस उपास सोडतांना ह्याच्या पाल्याची भाजी करतें."

मंगलाबाई आळ्याच्या विटांवरच बसल्या. "मग कापलं कोणी?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना वाटलं की हे अकरा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

सुब्बीनं आळ्यातलं एक वाळकं पान उचलून बाहेर टाकलं. मग म्हणाली, "आतां अण्णा नाही. आतां सांगावयास हरकत नाही. अण्णानं कापलं. मी येथें पोचलें आणि मागोमाग तो आला, ऑफिसातून परस्पर. ओल्या फडक्यांत बांधून आणलं होतं. म्हणाला, लाव, तिला कळावयाचं नाही. मी म्हटलं, वैनीच्या हातून येईल तर लावीन, चोरून नक्को. त्यास परत पाठवलं. जातां जातां कालव्यांत टाकलं म्हणाला. मग तुमचा फोन आला. मी अण्णास विचारलं, सांगूं काय? तो म्हणाला, सांगूं नको, घरांत राहणं कठीण होईल."

म्हणजे यजमान वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते ते यासाठी. बायको आपल्या बहिणीला चोर म्हणते आहे हे ऐकत, चोर आपण आहोत हे जाणून. मंगलाबाईंना राग यायला हवा होता, पण मेलेल्या माणसावर रागावून काय करायचं. राग आला तो समोर उभ्या असलेल्या सुब्बीचा.

"घेतलं कां नाहीस?" त्या ओरडल्या. "हातांत आलेलं परत कां दिलंस? लावलं असतंस तर आज असती. अकरा वर्षांची असती. मी काय म्हटलं असतं? म्हटलं असतं तर म्हटलं असतं. नाही तरी म्हटलंच."

"तुम्ही एकदां, ने म्हटलं असतं तर नेलं असतं, वैनी," सुब्बी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. ती बाईंच्या शेजारी विटांवर बसली आणि तिनं बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "गेली ती गेली. वेलच ती. मजला वेलीचं दुःख नाही. अण्णा जातांना मजवर रागावून गेला, तेवढंच सलतं. दवाखान्यांत होता तर एकदां बोलावलं असतं त्यानं. म्हणाला असेल, हिच्यापायी बायकोची बोलणी खाल्लीं, नक्को ही."

पाठीवरचा हात उबदार होता. अकरा वर्षांत मंगलाबाईंच्या पाठीवर असा हात कोणी ठेवला नव्हता. गप्प बसल्या असत्या तर तो तिथंच राहिला असता, सुब्बीनं कॉफी केली असती, जेवायलाही ठेवून घेतलं असतं. पुढच्या सणाला येणं-जाणं सुरू झालं असतं. हे सगळं त्यांना त्या क्षणी दिसत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या मालकीचं काही जवळ ठेवायची इच्छा उरली नव्हती.

"तो रागावला नव्हता," त्या म्हणाल्या. "तो विचारत होता. सुब्बीस कळवलंस काय, म्हणून. मी म्हटलं, कळवतें. रोज विचारत होता. मी रोज तेंच म्हटलं."

सुब्बीचा हात थांबला.

"किती दिवस?"

"सहा."

सुब्बीनं हात काढून घेतला. ती उठली, पदर सावरला, पायरीला धरून वर चढली आणि आत गेली. स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

मंगलाबाई वाट पाहत बसून राहिल्या. ऊन हदग्यावरून सरकून त्यांच्या पायांवर आलं. शेजारच्या घरातला माग जेवणासाठी बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला. आतून रडण्याचा आवाज आला असता तरी त्या उठून गेल्या असत्या, पण आवाज कसलाच आला नाही. शेवटी त्या घरातून चालत पुढच्या दारापाशी आल्या, चपला घातल्या, बाहेरून दार ओढून घेतलं आणि बसथांब्याकडे निघाल्या.